एका बोटाने दाखवा

“एका बोटाने दाखवा,” डॉ. शिरगुप्पे म्हणाल्या.

मी उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर तर्जनी टेकवली. त्यांनी माझे बोट बाजूला केले आणि नेमक्या त्याच जागी आपला अंगठा दाबला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो अभियांत्रिकी महाविद्यालयात मापनशास्त्र शिकवणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला शोभणारा नव्हता.

“बघा, तळहात नाही फिरवलात,” त्या म्हणाल्या. “स्नायू दुखत असला की माणूस सगळा तळहात फिरवतो. इथं दुखतंय, थोडं इथं, जरा इकडंही. हाड दुखत असलं की एक बोट पुरतं.”

“हा नियम कितपत अचूक आहे?”

“एमआरआयपेक्षा कमी. म्हणून आपण एमआरआय काढायचा.”

एमआरआयने नियमाला दुजोरा दिला. हाडाला तडा गेलेला नव्हता, पण आत सूज होती आणि तडा जाण्याची पूर्वतयारी चालू होती. धावण्याने हाड रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरून निघते. मी झिजण्याचा वेग वाढवला होता. भरून निघण्याचा वेग वाढवणे माझ्या हातात नव्हते.

“शर्यत कधी आहे?”

“चार महिन्यांनी. दोन किलोमीटरला थोडं कमी समुद्रात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं.”

“एकामागून एक?”

“त्याच दिवशी.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “सहा आठवडे धावणं बंद. पोहा, सायकल चालवा. नंतर उजव्या एका पायावर उड्या मारता आल्या, आणि दुखलं नाही, तर हळूहळू धावायला लागा. आणि एक नीट ऐका साळोखेसर, गोळी घेऊन धावायचं नाही. हाड भरलेलं नसताना दुखणं दाबून धावलात, तर तडा आरपार जाईल. मग आत सळई बसवावी लागेल. त्यानंतर धावलात तर बस पकडण्यापुरतं.”

घरी आल्यावर मी हे सगळे आबांना सांगितले. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या घरी तेव्हा आम्ही दोघेच राहत असू, माझे वडील आणि मी. आबा सत्तरीचे होते. उजवा पाय बाहेरच्या बाजूला टाकत, काठी टेकत चालत. त्या पायाची कथा पेठेतल्या प्रत्येकाला पाठ होती. तरुणपणी आबा पेठेच्या फुटबॉल संघात होते. पलीकडच्या पेठेविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोडक्या घोट्याने गोल मारला, चषक आणला आणि आयुष्यभराचा पाय घालवला. दर हंगामात, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, कोणीतरी पोरांना आबांसमोर उभे करून ती कथा सांगत असे. मी लहानपणी त्या पोरांत असे. पुढे मला चेंडू धड अडवता येत नाही हे स्पष्ट झाले आणि पेठेत माझी ओळख ‘केरबाचा पोरगा, पण खेळत नाही’ अशी ठरली. त्या ओळखीत तथ्यात्मक चूक काही नव्हती.

बोटाचा नियम सांगितल्यावर आबांनी रिमोट हातात घेतला.

“एका बोटानं, व्हय?” ते म्हणाले. “शानी हाय बाई.” आणि त्यांनी टीव्ही लावला.

सहा आठवडे मी नियम पाळले. पहाटे तलावात पोहत होतो, रविवारी गगनबावड्याच्या रस्त्याला सायकल काढत होतो. धावणारी माणसे दिसली की मान दुसरीकडे वळवत होतो. सातव्या आठवड्यात उड्या मारून पाहिल्या. जमल्या, पण जागा अगदी मुकी नव्हती. मी रंकाळ्याच्या काठाने थोडेथोडे धावू लागलो आणि दर वेळी दुखणे शून्य ते दहा या मोजपट्टीवर नोंदवू लागलो. तीन येई, कधी चार.

मग एका रविवारी सायकलवर मान आखडली म्हणून मी एक वेदनाशामक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धावलो, तर नडगीचे दुखणे एक.

इथे दोन शक्यता होत्या. एक तर हाड बरे होत होते, नाहीतर गोळीचा अंमल उरला होता. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढले असते. म्हणून मी अक्काकडे गेलो.

अक्का माझी थोरली बहीण, शशिकला. औषधनिर्माण महाविद्यालयात औषधांचे परिणाम शिकवते. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. आबा माझ्याबरोबर आले होते आणि बाहेरच्या खोलीत माझ्या भाचीला मोबाइलवरची कुस्ती दाखवायला लावत होते.

“मला कॅप्सूल भरून दे,” मी म्हणालो. “काहींत गोळीचं औषध, काहींत नुसतं तांदळाचं पीठ. दिसायला अगदी सारख्या. कुठल्या दिवशी कुठली, हे फक्त तुला ठाऊक.”

“आणि मग?”

“धावायच्या आधी एक घ्यायची. धावून झाल्यावर दुखणं किती ते लिहायचं. शेवटी कुठली कशाची ते तू सांगायचंस. फरक दिसला नाही तर गोळी निरुपयोगी, शर्यतीला घेणार नाही.”

“आणि फरक दिसला तर?”

“तर घेईन.”

तिचा हात मेथीवरच थांबला. “शिरगुप्पेबाई काय म्हणाल्या होत्या?”

“त्यांनी सर्वसाधारण खबरदारी सांगितली. मला माझ्या पायाविषयी माहिती हवी आहे.”

“तुला माहिती हवी आहे की परवानगी?”

“अक्का, प्रयोग सोपा आहे. तू करणार नसशील तर दुसरं कुणी बघतो.”

“प्रयोग करणारा तूच, आणि उंदीरही तूच.”

“म्हणून तर तिसरं माणूस हवं.”

बाहेरच्या खोलीतून आबांचा आवाज आला, “आरं धर की त्याला, धर! पाय वढ!” अक्काने दाराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “बरं. देते भरून.”

मी वादाची तयारी करून गेलो होतो. ती वाया गेली.

“क्रम सरमिसळ ठेव हं. ठरावीक नको. आणि लिहून ठेव, नंतर घोळ नको.”

“लिहून ठेवण्यासारखं काही नाही त्यात,” ती म्हणाली. “माझ्या लक्षात राहील.”

तिने पांढऱ्या कॅप्सूल एका लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत आणून दिल्या. प्रत्येकीला दिवसाची चिठ्ठी चिकटवलेल्या छोट्या पुडीत ठेवले होते. पुढचे दोन महिने मी प्रयोग काटेकोरपणे केला. दुखण्याच्या आकड्याखेरीज आणखी एक स्तंभ ठेवला, आज औषध होते की पीठ याचा माझा अंदाज. तो अंदाज करणे अवघड गेले नाही. ते औषध पोटाला जाचक असते हे सर्वज्ञात आहे. काही सकाळी छातीखाली स्पष्ट जळजळ होई, आंबट ढेकर येत. त्या दिवशी औषध. ज्या दिवशी काही होत नसे, त्या दिवशी पीठ.

अंतर वाढत गेले, आकडे उतरत गेले. तीन, दोन, दोन, एक. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सर्वांत लांब धावलो, अठरा किलोमीटर. दुखणे शून्य. मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण छातीखाली जळत होते. म्हणजे आज औषध होते. म्हणजे हे शून्य माझ्या हाडाचे नव्हते, औषधाचे होते.

“काय झालं?” घरी आल्यावर आबांनी विचारले. “थोबाड का पाडलंस?”

“काही नाही. पित्त झालंय.”

“काकडी खा.”

शर्यत मालवणच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर होती. आदल्या दिवशी आम्ही तिघे अक्काच्या गाडीने कोकणात उतरलो. आबा पुढच्या सीटवर, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. मी सायकल जमा करून लॉजवर परतलो तेव्हा दुपारची जेवणे चालू होती. व्हरांड्यातल्या टेबलावर आबा ताटाकडे संशयाने पाहत होते.

“तांबडा न्हाई, पांढरा न्हाई,” ते म्हणाले, “ह्यो पिवळा रस्सा कशाचा म्हनायचा?”

“सुरमईचं कालवण आहे, आबा. काटे बघून खा.”

मी हात धुऊन अक्कासमोर बसलो. आकडेमोड झालेली होती आणि निकाल स्पष्ट होता. ज्या दिवशी माझ्या अंदाजाने औषध होते, त्या दिवशी दुखणे सरासरीने कमी होते. थोडे नव्हे, पुरेसे कमी.

“गोळी काम करते,” मी म्हणालो. “तेव्हा उद्याची कॅप्सूल मला औषधाची दे. आणि आता कुठली कशाची ते सांग, माझे अंदाज ताडून बघतो.”

अक्काने घास खाली ठेवला.

“ताडायला काही नाही. सगळ्यांत पीठ होतं.”

वर पंखा कुरकुरत होता. आबा काटा काढत होते.

“सगळ्यांत म्हणजे?”

“सगळ्यांत म्हणजे सगळ्यांत. औषधाची एकही भरली नव्हती.”

“कसलं पीठ?” आबांनी विचारले.

“तांदळाचं, आबा.”

“मग भाकऱ्या थापायच्या हुत्या की. कॅप्सुलात कशाला भरलंस?”

मी उठून उभा राहिलो. मला आठवते त्याप्रमाणे मी पुढील मुद्दे मांडले. की तिने प्रयोग नासवला होता. की दोन महिन्यांच्या कामाचा तिने चिखल केला होता. की सहभागी व्यक्तीला अंधारात ठेवणे आणि सहभागी व्यक्तीला फसवणे यांत फरक असतो, आणि तो ती स्वतः पोरांना शिकवते. शेजारच्या टेबलावरची दोन सायकलवाली मंडळी आमच्याकडे पाहू लागली.

“तुझ्या प्रयोगाला कुठल्या समितीची मंजुरी होती?” अक्का म्हणाली. “बस खाली.”

“मला पित्त झालं होतं, अक्का! ठरावीक दिवशी! औषधाशिवाय पित्त कसं होईल?”

“इंद्रायणीचं पीठ होतं. सोसलं नसेल.”

आबा हसले आणि त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिले, कारण रागात असतानाही ते द्यावे लागते. मग खाली बसलो.

“कारण सांग,” मी म्हणालो.

“उन्हात सहा-सात तास घाम गाळायचा, वर ते औषध. मूत्रपिंडाचं काय होतं ते तुला वाचायला दिलं असतं. तू उलट तीन शोधनिबंध आणले असतेस.”

“आणले असते. हे कारण नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “दुखणारा पाय मुका करायचं औषध माझ्या हातानं भरून द्यायचं नव्हतं मला. एवढंच.”

“मुका? साधी वेदनाशामक गोळी आहे ती. भूल नव्हे.”

“दोन्हींतला फरक मला कळतो, उदय. पगार घेते मी त्याचा.” आणि मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आबा, तुम्ही सांगता की मी सांगू?”

आबांनी काट्यांची रास ताटाच्या कडेला सारली. “त्यात काय सांगायचं? समद्या पेठेला ठाव हाय.”

“पेठेला गोल ठाऊक आहे.”

आबांनी ताट पुढे सरकवले. तेव्हा अक्का बोलू लागली.

“आदल्या सामन्यात यांचा घोटा मुरगळला होता. भोपळ्यासारखा सुजलेला. अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी मला मैदानावर घेऊन गेले. मी सात वर्षांची. तू आईच्या कडेवर, घरी. भिंतीमागं पेठेतला एक कंपाउंडर आला, हातात डबी. आबांनी मोजा काढून माझ्या हातात दिला आणि मला म्हणाले, तिकडं बघ, झाडावर कावळे किती ते मोज.”

“मोजलेस?” आबांनी विचारले. त्यांच्या आवाजात खरे कुतूहल होते.

“नाही. मी सुईच बघत होते.”

“इंजेक्शन?” मी म्हणालो. “कसलं?”

“बधिर करायचं. आणखी कसलं असणार?”

मी आबांकडे पाहिले. ते समुद्राच्या बाजूला पाहत होते. लॉजवरून समुद्र दिसत नव्हता, सुरूची झाडे दिसत होती.

“सुई टोचली आन् पाय गेलाच बघ,” ते म्हणाले. “हाय का न्हाई, कळंना. बूट घालून पळाया लागलो, तर दुसऱ्याचा पाय लावून पळल्यागत. लई मजा वाटली. गोल मारला तवा कट्‌ असा आवाज आला. म्या त्यांच्या गोलकीपरकडं बघितलं. म्हटलं, बिचाऱ्याचं काय मोडलं काय.”

शेजारच्या टेबलावरचे लोक आता उघडपणे ऐकत होते.

“म्हणजे दुखलं नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

“कशाला दुखंल? वरनं वीस मिनिटं खेळलो की. दुखलं असतं तर खाली बसलो नसतो व्हय? येडा हाय का मी?” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “दिवं लागायच्या वक्ताला सुई उतरली. मग दुखलं. मग दुखतच ऱ्हायलं.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी इचारलंस? समदी टाळ्या वाजवत हुती, तूबी वाजवल्यास.”

लहानपणापासून मी एका चुकीच्या आकड्याशी स्वतःची तुलना करत होतो. माझ्या वडिलांनी किती सोसले, याचे उत्तर दहापैकी दहा असे मी धरून चाललो होतो. उत्तर शून्य होते. उपकरणच बंद करून ठेवलेले होते.

मी व्हरांड्यातून अंगणात उतरलो. चपला काढल्या. नारळाच्या झाडाखाली जमीन घट्ट होती, तिथे उजव्या पायावर उभा राहिलो आणि उड्या मारल्या. आधी सावकाश, मग जोरात. पोटात सुरमई आणि भात याखेरीज काही नव्हते. दुखले नाही. अंगठ्याने जागा दाबली. तिथे हाड होते, एरवी कोणाचेही असते तसे.

मग उशिराने, पायऱ्या चढताना, हिशोब लागला. प्रयोग नासला होता, पण नोंदी नासल्या नव्हत्या. ते तीन, ते दोन, तो एक, पुलाच्या कठड्यावरचे ते शून्य, सगळे विनाऔषधाचे. हाड दोन महिने रोज खरे बोलत होते आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. ते भरून आले होते.

मी पायरीवरच बसलो. अक्का बाहेर आली आणि शेजारी बसली.

“अजून राग आहे?”

“आहे. पण दुसरं काहीतरी जास्त आहे.” थोड्या वेळाने मी म्हणालो, “त्या अठरा किलोमीटरच्या दिवसापासून मी घाबरलो होतो. सळई डोळ्यांसमोर येत होती. तरी उद्या गोळी घेऊन धावणारच होतो. तीन आठवडे फुकट घाबरलो.”

“फुकट नाही. त्यामुळं हळू धावलास.”

“पाय बरा झाला नसता, आकडे उतरलेच नसते, तर काय करणार होतीस?”

“तर उद्या पहाटे तुला खोलीत कोंडून किल्ली लपवली असती,” ती म्हणाली. “त्याची तयारी करून आले होते.”

सकाळी समुद्र शांत होता. पोहण्याविषयी सांगण्यासारखे फार नाही, मी पोहलो. सायकलही नीट झाली, फक्त शेवटच्या चढावर वारा समोरून आला. सायकल ठेवून धावायला लागलो तेव्हा ऊन चढले होते. मार्ग गावातून, सुरूच्या बनाला वळसा घालून, पुन्हा गावातून असा दोन फेऱ्यांचा होता. अक्का शेवटच्या रेषेपाशी थांबणार होती. आबांनी मात्र गावातल्या एका किराणा दुकानासमोर सावली हेरून प्लास्टिकची खुर्ची मिळवली होती आणि दुकानदाराशी मैत्री केली होती. पहिल्या फेरीला मी तिथून गेलो तेव्हा ते त्याला म्हणत होते, “त्यो काय, त्यो. निळा बनेल. पोटाकडं बघू नगा, पाय बघा.”

दुसऱ्या फेरीला, बनातून बाहेर पडताना, उजव्या पायात कळ आली.

गुडघ्याच्या खाली. आधी वाटले दगडावर पाय पडला. पुढच्या पावलाला पुन्हा आली, त्याच्या पुढच्यालाही. आदल्या दुपारचा सगळा हिशोब एका क्षणात माझ्या मनातून पुसला गेला आणि तिथे फक्त सळई उरली. मी धावत राहिलो, कारण मला थांबायला भीती वाटत होती. थांबलो असतो तर तपासावे लागले असते.

किराणा दुकान आले. मी थांबलो.

“का रं?” आबा खुर्चीत पुढे झाले.

“दुखतंय. उजव्या पायात.”

माझ्या मागून दोघे-तिघे पुढे निघून गेले. दुकानदार पाण्याची बाटली घेऊन आला. आबांनी त्याला हाताने थांबवले.

“कुठं? एका बोटानं दाखव.”

मी वाकलो. नडगीच्या आतल्या कडेला, त्या ओळखीच्या जागी तर्जनी ठेवली आणि दाबली. काही नाही. बोट वर सरकवले, दाबले. तिथे नाही. बाहेरच्या बाजूला नेले, तिथे थोडे होते. मागे नेले, तिथे जास्त होते. वरही होते, खालीही होते. बोट फिरत राहिले आणि मग आपोआप सगळा तळहात पोटरीवर टेकला.

“इथं,” मी म्हणालो. “आणि इथं. सगळीकडंच.”

“पोटरी हाय,” आबा म्हणाले. “पेटका आलाय नुसता.”

मी तळहात तिथेच धरून राहिलो. त्याखाली स्नायू गाठ धरून उडत होता, आणि मला त्या दुखण्याविषयी इतकी कृतज्ञता वाटली की ती कोणाला सांगणे अवघड होते. रक्तात काही नव्हते. जे दुखत होते ते दुखत होते, आणि जे दुखत नव्हते ते खरोखर दुखत नव्हते.

“हिकडं बघ,” आबा म्हणाले.

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि सावकाश वाकले. धोतराचा काठ बाजूला करून आपल्या उजव्या घोट्यावर, बाहेरच्या हाडाच्या जरा पुढे, त्यांनी एकच बोट टेकवले. शोधावे लागले नाही.

“हितं,” ते म्हणाले. “अजून.”

मग बोट उचलून त्यांनी काठीने माझ्या पोटरीला हलकेच टोचले.

“आता पळ. सावकाश पळ. कोन मागं लागलंय?”

दुकानदाराने बाटली दिली. त्याने मीठही आणले होते. ते चाटून, पाणी पिऊन मी निघालो. काही अंतर लंगडत, मग लंगडणे सोडून. गाठ हळूहळू सुटली. मागून आबांचा आवाज येत राहिला. ते दुकानदाराला कोणतीतरी गोष्ट सांगायला लागले होते, आणि वळणापर्यंत मला एवढेच ऐकू आले, “...तर सुई टोचली, आन् पाय गेलाच...”

मी शेवटून मोजणे सोयीचे पडेल अशा क्रमांकावर पोहोचलो, पण ठरलेल्या वेळेत. अक्काने माझ्या गळ्यातले पदक उलटसुलट करून पाहिले आणि ते किती हलके आहे याविषयी मत दिले. मी जमिनीवर बसलो, पाय लांब केले.

“कुठं दुखतंय?”

मी दोन्ही तळहात कमरेपासून घोट्यापर्यंत फिरवले.

“आणि ती जागा?”

“नाही.”

तिने मान वळवली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. शोधायला गरजेपेक्षा बराच अधिक वेळ लागला. मग एक पांढरी कॅप्सूल काढून माझ्यासमोर धरली.

“एक उरली होती बरणीत. घे.”

“काय आहे त्यात?”

“आंधळा प्रयोग आहे,” ती म्हणाली. “सांगता येत नाही.”

मी ती शहाळ्याच्या पाण्याबरोबर घेतली. कोल्हापूरला परत जाताना आबा पुढच्या सीटवर झोपले होते, काठी गुडघ्यांत धरून. घाट चढेपर्यंत माझे दुखणे पुष्कळ उतरले. पित्तही झाले नाही. बहुधा या वेळी पीठ आंबेमोहोराचे असावे.